फेरफार केलेल्या मूळ एक्सबॉक्समधील हार्डवेअर बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सविषयी आहेत, म्हणजे १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत विक्रीस आलेल्या, ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर आणि ६४ मेगाबाइट मेमरी असलेल्या काळ्या यंत्राविषयी. त्यात मॉडचिप (मूळ बायोसऐवजी दुसरा बायोस चालवणारी जादा चिप), बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे) पुनर्लेखन, मोठी हार्ड डिस्क किंवा एचडीएमआय यांपैकी एखादा बदल आधीच झालेला आहे आणि आता काहीतरी बिनसले आहे, असे येथे गृहीत धरले आहे. फेरफार कसे करावेत याचे मार्गदर्शन येथे नाही.

बिघाड शोधायला सुरुवात कुठून करावी?

दोष यंत्राच्या वयाचा आहे की फेरफाराचा, हे आधी ठरवावे. फेरफार केलेले यंत्र बंद पडले की बहुतेकांचा संशय सर्वप्रथम मॉडचिपवर जातो आणि मग चांगले चाललेले सोल्डर उकलून पुन्हा लावण्यात सगळा वेळ जातो. वीस वर्षांहून जुन्या यंत्रात गळलेला कॅपॅसिटर, ड्राय सोल्डर (स्पर्श सुटलेला जोड), थकलेली हार्ड डिस्क आणि डिस्कच्या ट्रेचा सैल पडलेला पट्टा ही कारणे चिपइतकीच संभवतात, किंबहुना अधिकच. म्हणून फेरफार एकेक करून उलट क्रमाने काढावेत, प्रत्येक पायरीनंतर यंत्र चालवून पाहावे आणि मूळ स्थितीच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे. सर्व बदल काढूनही लक्षण कायम राहिले तर दोष वयाचा आहे. मधल्याच एखाद्या पायरीला लक्षण नाहीसे झाले, तर दोष कोठे आहे ते तिथेच कळते. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, कारण मग यंत्र सुरू झाले तरी ते कशामुळे झाले हे समजत नाही.

माझे यंत्र कोणत्या आवृत्तीचे आहे आणि ते कळणे इतके महत्त्वाचे का आहे?

मदरबोर्डच्या आवृत्त्या ढोबळमानाने १.० ते १.६ अशा ओळखल्या जातात आणि दुरुस्तीचे जवळजवळ प्रत्येक उत्तर त्यांवर अवलंबून असते. १.० मध्ये ग्राफिक्स चिपवर स्वतंत्र छोटा पंखा असतो आणि कंट्रोलरची सॉकेट वेगळ्या लहान पट्टीवर असतात. पुढच्या आवृत्तीपासून तो पंखा गेला. १.० ते १.३ मध्ये चित्र बाहेर पाठवणारी चिप कोनेक्झंटची, १.४ आणि १.५ मध्ये फोकसची, तर १.६ मध्ये एक्सकॅलिबर नावाची असते. झाकण उघडून या चिपवरचे नाव वाचणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. यंत्राच्या तळाशी असलेल्या लेबलवरील निर्मितीची तारीखही उपयोगी पडते, परंतु अनेक हातांतून गेलेल्या यंत्राचे कवच आणि बोर्ड एकमेकांचेच असतील याची हमी नसते.

अमेरिकेतून आणलेले यंत्र येथे लावले आणि लगेच बंद पडले. काय झाले असावे?

पहिल्या एक्सबॉक्सचा वीजपुरवठा दोन्ही दाबांवर चालणारा नाही. अमेरिकी यंत्राचा पुरवठा तिकडच्या ११० ते १२० व्होल्टसाठी, तर युरोपीय यंत्राचा २२० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला आहे. नातेवाइकांनी सॅन होजे किंवा न्यू जर्सीहून आणलेले यंत्र पुण्यात नुसता पिनचा अडॅप्टर लावून २३० व्होल्टला जोडले की आतला फ्यूज उडतो, आणि पुष्कळदा फ्यूजच्या पुढचे भागही त्याच्याबरोबर जातात. फ्यूज बदलून यंत्र सुरू झाले तर नशीब समजावे. नवा फ्यूजही लगेच उडाला तर पुढे शॉर्ट आहे, आणि अशा वेळी मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवणे हा शुद्ध अविचार होय.

यावर उपाय म्हणजे त्याच आवृत्तीचा २२०-२४० व्होल्टचा वीजपुरवठा मिळवून बसवणे, किंवा चांगल्या प्रतीचा, किमान २०० वॉटचा तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वापरणे. केस वाळवण्याच्या यंत्रांसाठी प्रवासात वापरले जाणारे हलके कन्व्हर्टर या कामाचे नाहीत. दुसऱ्या यंत्रातून वीजपुरवठा काढून बसवताना सॉकेटमध्ये बसतो म्हणून तो चालेल असे मानू नये. १.० व १.१, १.२ ते १.५ आणि १.६ या गटांच्या तारांची रचना वेगवेगळी आहे आणि चुकीचा पुरवठा जोडल्यास बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

बटण दाबले तरी यंत्र अजिबात सुरू होत नाही. दिवाही लागत नाही.

आधी भिंतीवरचे सॉकेट आणि दोरी तपासावी, मग झाकण उघडावे. एक्सबॉक्सचा वीजपुरवठा पेटीबंद नसतो; तो उघडा बोर्ड असतो आणि त्यावरील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये दोरी काढल्यानंतरही जीवघेणा दाब काही काळ टिकतो. दोरी काढून थांबावे आणि त्या कॅपॅसिटरच्या पायांवर दाब उरलेला नाही हे मल्टिमीटरने पाहूनच हात घालावा. ज्यांना मल्टिमीटरने थेट विजेचे माप घेण्याची सवय नाही त्यांनी ही पायरी जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावी.

यंत्र बंद असतानाही दोरी जोडलेली असेल तर बोर्डला ३.३ व्होल्टचा राखीव पुरवठा मिळत राहिला पाहिजे, कारण बटण दाबल्याची नोंद घेणारी चिप त्यावरच जागी असते. तो दाब मिळत नसेल तर दोष वीजपुरवठ्यात आहे. तो मिळत असेल आणि तरीही बटण निर्जीव असेल, तर समोरच्या बटणांची तार, तिचे सॉकेट आणि बटणापासून बोर्डवर जाणाऱ्या बारीक ट्रेस (तांब्याच्या रेघा) यांच्याकडे वळावे. घड्याळाच्या कॅपॅसिटरविषयीचे पुढील उत्तर याच संदर्भात वाचावे.

वीजपुरवठ्यातील एक दोष तर कंपनीनेच मान्य केला होता. फेब्रुवारी २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आगीच्या धोक्यामुळे सुमारे १ कोटी ४१ लाख यंत्रांच्या वीजदोऱ्या बदलून देण्याची घोषणा केली. ती मुख्यतः २३ ऑक्टोबर २००३ पूर्वी बनलेल्या यंत्रांना लागू होती. दोरी जिथे खोचली जाते त्या सॉकेटच्या सोल्डरला हिसक्यांनी तडा जातो आणि तिथे ठिणग्या पडून बोर्ड जळतो, असा तो प्रकार होता. नवी दोरी ठिणगी पडताच वीज तोडत असे. आतला तडा मात्र तसाच राहत असे. वापरलेले यंत्र विकत घेतले असेल तर ती दोरी सोबत मिळण्याची शक्यता कमीच, तेव्हा पुरवठा बोर्ड उलटा करून या सॉकेटचे सोल्डर भिंगाखाली पाहावे. पायाभोवती गोल रेघ किंवा काळपट डाग दिसला, तर जुने सोल्डर काढून भरघोस नवे लावावे.

घड्याळाचा कॅपॅसिटर काढा, असे सगळेच सांगतात. तो खरोखर इतका घातक आहे का?

होय, आणि या संपूर्ण पानातील एकच काम करायचे असेल तर ते हे करावे. दोरी काढल्यावर काही तास वेळ टिकून राहावी म्हणून बोर्डच्या पुढच्या भागात १ फॅराड क्षमतेचा, २.५ व्होल्टचा छोटा दंडगोल कॅपॅसिटर बसवलेला आहे. १.० ते १.५ या आवृत्त्यांतील हा भाग कालांतराने हमखास गळतो. त्यातून निघालेला द्रव बोर्डवर पसरतो, हिरव्या लेपाखाली शिरतो आणि तांब्याच्या ट्रेस कुरतडतो. यंत्र वापरात नसले, माळ्यावर पडून असले, तरी हे चालूच राहते. कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत एकदा सुरू झालेले गंजणे अधिक वेगाने पुढे सरकते.

कॅपॅसिटर वरून स्वच्छ दिसतो म्हणून तो गळलेला नाही असे समजू नये. गळती बुडाशी होते आणि तो उचलल्यावरच दिसते. सोल्डरिंग येत असेल तर दोन्ही पाय गरम करून तो काढावा. येत नसेल तर हळूहळू पुढे-मागे हलवून पाय तुटू देणे हा मार्गही चालतो, कारण त्याच्या जागी दुसरे काही बसवायचे नाही. त्याविना यंत्र व्यवस्थित चालते. फक्त दोरी काढली की वेळ विसरते. काढल्यानंतर तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने, बोर्डच्या दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा.

१.६ मध्ये वेगळ्या बनावटीचा कॅपॅसिटर असतो आणि तो सहसा गळत नाही. तिथे तो काढण्याची घाई नको, पण उघडल्यावर नजर मात्र टाकावी.

दोरी जोडताच यंत्र आपोआप सुरू होते, किंवा डिस्कचा ट्रे कोणी हात न लावता बाहेर येतो.

हे त्याच गळतीचे परिणाम आहेत. सुरू करण्याच्या आणि ट्रे उघडण्याच्या बटणांच्या ट्रेस गंजाच्या वाटेत येतात. त्या अर्धवट कुरतडल्या गेल्या किंवा शेजारच्या रेघेशी ओलाव्यातून जोडल्या गेल्या की बटण दाबल्याचा खोटा संकेत चिपपर्यंत पोहोचतो. आधी वर सांगितल्याप्रमाणे बोर्ड स्वच्छ करावा, कारण केवळ पुसण्यानेही कित्येक यंत्रे ताळ्यावर येतात. तेवढ्याने भागले नाही तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड आहे का ते दाखवणाऱ्या स्थितीवर) ठेवून प्रत्येक ट्रेस दोन्ही टोकांना तपासावी. तुटलेल्या ट्रेसवरचा लेप खरवडून दुरुस्ती करण्यापेक्षा, तिच्या दोन्ही टोकांच्या धडधाकट बिंदूंमध्ये केसासारखी बारीक, आवरण असलेली तार जोडणे अधिक टिकाऊ असते.

यंत्र तीनदा स्वतःहून चालू-बंद होते आणि मग दिवा लाल-हिरवा चमकतो. हे मॉडचिपमुळे आहे का?

असू शकते. लाल-हिरवा दिवा म्हणजे यंत्राला बायोसमधून सुरुवातच करता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पडद्यावर क्रमांक येत नाही, म्हणून कारण शोधण्याचे काम आपल्यावर पडते.

१.० ते १.५ मध्ये मॉडचिप कशी काम करते हे समजले की शोध सोपा होतो. मूळ बायोस बोर्डवरील टीसॉप नावाच्या फ्लॅश चिपमध्ये असतो. डी-झिरो ही तिची एक रेघ जमिनीला (ग्राउंडला) जोडली की यंत्राला तिथे योग्य मजकूर सापडत नाही आणि ते एलपीसी या सोळा पिनांच्या जोडणीवर बायोस शोधू लागते, जिथे मॉडचिप बसलेली असते. आता समजा डी-झिरोची तार शाबूत आहे, पण चिपच्या एखाद्या पिनचा स्पर्श सुटला आहे. अशा वेळी यंत्राला जुना बायोसही मिळत नाही आणि नवाही मिळत नाही, त्यामुळे ते तीनदा प्रयत्न करून लाल-हिरवे होते. म्हणून पहिली चाचणी अशी : चिप काढावी, डी-झिरोची तार सोडवावी आणि यंत्र सुरू करावे. ते सुरू झाले, अगदी हार्ड डिस्कविषयीचा दोषक्रमांक दाखवत का होईना, तर बोर्ड जिवंत आहे आणि दोष चिप, तिच्या पिना किंवा तिच्यातील बायोस यांत आहे.

सोल्डर न करता स्प्रिंगच्या पिनांवर टेकवायच्या स्वस्त अलादीन चिप या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. स्क्रू थोडा सैल झाला, बोर्ड किंचित वाकला, पिनांवर काळसर थर चढला की स्पर्श जातो, आणि यंत्र आज चालते, उद्या चालत नाही. चिप ठेवायचीच असेल तर पिनांची पट्टी सोल्डर करून बसवावी. माझ्या मते याला दुसरा पर्याय नाही.

चिप काढूनही लाल-हिरवा दिवा कायम राहिला तर तीन शक्यता उरतात. एक, कोणीतरी टीसॉपचे पुनर्लेखन अर्धवट किंवा चुकीच्या फाइलने केले आहे, १.० व १.१ मध्ये ही चिप १ मेगाबाइटची, तर १.२ पासून २५६ किलोबाइटची आहे, आणि लेखन सुरू असताना वीज गेली तरी हेच घडते. अशा बोर्डला चांगली मॉडचिप नीट बसवून पुन्हा जिवंत करता येते, म्हणजे येथे चिप हाच उपाय ठरतो. दोन, एलपीसीच्या पिनांमध्ये सोल्डरचा थेंब पडून शॉर्ट झाला आहे, किंवा छिद्रातले तांबे जास्त उष्णतेने उचटले आहे. दोन्ही बाजूंनी भिंगाखाली पाहावे. तीन, बोर्डचाच दोष : प्रोसेसरजवळचे फुगलेले कॅपॅसिटर, मेमरी किंवा गंज. प्रोसेसरजवळचे मोठे कॅपॅसिटर वरून सपाट असले पाहिजेत. एखाद्याचा माथा फुगला असेल किंवा तपकिरी द्रव दिसत असेल तर सगळे एकदम बदलावेत.

१.६ आवृत्तीत हीच पद्धत चालते का?

नाही. तिथे टीसॉपच नाही. मूळ बायोस झायक्लॉप्स नावाच्या एकत्रित चिपमध्ये असतो आणि तो पुन्हा लिहिता येत नाही. एलपीसीच्या काही रेघाही कारखान्यातच कापलेल्या असतात, म्हणून मॉडचिप बसवताना त्या तारांनी किंवा खास पट्टीने पुन्हा जोडाव्या लागतात. साहजिकच १.६ मधील बहुतेक लाल-हिरवे दिवे या जोडलेल्या तारांशी येऊन थांबतात. प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासावी आणि शेजारच्या तारेशी ती चिकटलेली नाही हेही पाहावे.

पडद्यावर अनेक भाषांतील मजकूर आणि कोपऱ्यात एक आकडा येतो. त्याचा अर्थ काय?

तो आकडा दोषाचा प्रकार सांगतो. ०५ म्हणजे हार्ड डिस्कला कुलूप (ती त्याच यंत्राशी बांधणारा संकेतशब्द) नाही, ०६ म्हणजे कुलूप उघडता आले नाही, ०७ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही आणि ०८ म्हणजे डिस्क सापडलीच नाही. १० ते १२ हे क्रमांक डीव्हीडी ड्राइव्हचे आहेत. १३ आला तर मुख्य पडदा दाखवणारा प्रोग्राम उघडता आलेला नाही, आणि १६ बहुधा घड्याळाशी निगडित असतो.

यातील ०५ हा सर्वांत फसवा. आकडा हार्ड डिस्ककडे बोट दाखवतो, म्हणून लोक डिस्क आणि केबल बदलत बसतात. परंतु फेरफार केलेला बायोस कुलपाची पर्वाच करत नाही, तो कुलूप नसलेल्या डिस्कवरूनही यंत्र सुरू करतो. तेव्हा मॉडचिप असलेल्या यंत्रात अचानक ०५ आला तर त्याचा खरा अर्थ असा की यंत्र चिपवरून नव्हे, मूळ बायोसवरून सुरू झाले आहे. डिस्कला हात न लावता डी-झिरोची तार तपासावी.

१६ चा उगमही तसाच आडवाटेचा आहे. दोरी काढल्यामुळे वेळ पुसली गेली की मूळ बायोस वेळ लावण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा जुना मुख्य प्रोग्राम उघडू पाहतो. सॉफ्टमॉड (चिप न लावता केवळ सॉफ्टवेअरने केलेला फेरफार) करताना त्या फाइली पुसल्या किंवा त्यांची नावे बदलली असतील तर तो उघडत नाही. डिस्कवर त्या मूळ फाइली मूळ जागी परत ठेवल्या की हा दोष जातो. घड्याळाचा कॅपॅसिटर काढण्यापूर्वी सॉफ्टमॉड केलेल्या यंत्रात या फाइली जागेवर आहेत का, ते पाहून घ्यावे.

ईईप्रॉमची प्रत जपून ठेवा, असे का सांगतात?

प्रत्येक यंत्राच्या बोर्डवर अवघ्या २५६ बाइटची ईईप्रॉम नावाची एक चिप असते आणि तीत त्या यंत्राची स्वतःची किल्ली असते. त्या किल्लीवरून आणि डिस्कच्या मॉडेल व अनुक्रमांकावरून कुलपाचा संकेतशब्द तयार होतो. बोर्ड मेला आणि किल्लीची प्रत नसेल, तर चांगली डिस्कही बंदच राहते. डिस्क मेली आणि प्रत नसेल, तर सॉफ्टमॉडच्या यंत्रात नवी डिस्क कुलूपबंद करणे अवघड होऊन बसते. यंत्र अजून सुरू होत आहे तोवरच प्रत काढावी आणि संगणकावर, शिवाय आणखी एका ठिकाणी, बोर्डच्या अनुक्रमांकासह ठेवावी.

नवी हार्ड डिस्क लावल्यापासून ०७ किंवा ०८ येतो, किंवा यंत्र मधेच अडकते.

मूळ डिस्क ८ किंवा १० गिगाबाइटची आयडीई (जुन्या, रुंद जोडणीची) डिस्क असते आणि आता बहुतेक जण तिच्या जागी साटा (नव्या, अरुंद जोडणीची) डिस्क रूपांतरकासह लावतात. अडचण बहुधा रूपांतरकात असते. अगदी स्वस्त रूपांतरक एकतर डिस्क वेळेत जागी करत नाहीत किंवा कुलपाच्या आज्ञा पुढे पोहोचवतच नाहीत. मॉडचिप असेल तर दुसरा मुद्दा गौण, पण सॉफ्टमॉडमध्ये कुलूप अनिवार्य असल्याने तिथे रूपांतरक पारखूनच घ्यावा. त्यावरचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे पहिल्या ड्राइव्हच्या जागी, असावा. डीव्हीडी ड्राइव्ह स्लेव्ह, म्हणजे दुसरा, असतो.

मूळ केबल चाळीस तारांची आहे. बायोसमध्ये डिस्कशी देवाणघेवाण करण्याची वेगवान यूडीएमए पद्धत चालू केली आणि केबल तीच ठेवली, तर खेळ मधेच थबकणे किंवा फाइली खराब होणे संभवते. ऐंशी तारांची केबल लावावी आणि तिचे निळे टोक मदरबोर्डकडे ठेवावे. ती उपलब्ध नसेल तर वेग कमी ठेवणेच बरे.

जुनी मूळ डिस्क टक-टक आवाज करू लागली असेल तर तिच्यावर उपचार करण्यात अर्थ नाही. ती चालते आहे तेवढ्यात प्रत काढून घ्यावी. यंत्र चालू असताना केबल काढून संगणकाला लावण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते, पण हात जरा चुकला तर डिस्क आणि बोर्ड दोन्ही जातात. किल्ली हाताशी असेल तर संगणकावरूनच कुलूप उघडता येते.

मोठी डिस्क काही दिवस चालली आणि मग खेळ आपोआप बिघडू लागले. डिस्क खराब आहे का?

बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, तिची विभागणी चुकलेली असते. एक्सबॉक्सच्या फॅटएक्स या फाइली साठवण्याच्या पद्धतीत २५६ गिगाबाइटपर्यंतच्या विभागाला १६ किलोबाइटचे क्लस्टर (साठवणीचे सर्वांत लहान तुकडे) चालतात, ५१२ पर्यंत ३२ आणि त्यापुढे १ टेराबाइटपर्यंत ६४ किलोबाइटचे लागतात. मोठा विभाग लहान क्लस्टरने बनवला तर सुरुवातीला सारे सुरळीत वाटते. डिस्क भरत गेली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात. क्लस्टर नंतर बदलता येत नाहीत, म्हणून विभाग पुसून नव्यानेच बनवावा लागतो.

ट्रे अडकतो, किंवा डिस्क वाचली जात नाही.

ट्रे अडकणे हे जवळजवळ नेहमीच सैल पडलेल्या रबरी पट्ट्याचे लक्षण असते. तो बदलणे हे या पानातील सर्वांत सोपे काम आहे. तात्पुरता उपाय म्हणून पट्टा उकळत्या पाण्यात बुडवून आकसवतात, पण तो लवकरच पुन्हा सैल पडतो.

वाचनाचा दोष ड्राइव्हच्या बनावटीवर अवलंबून असतो. सुरुवातीच्या यंत्रांत बहुधा थॉमसनचे ड्राइव्ह असत आणि ते आज सर्वांत रडके ठरले आहेत. फिलिप्सचे त्यापेक्षा बरे, तर घरी लिहिलेल्या डिस्क वाचण्यात सॅमसंगचे सर्वांत समंजस. भिंग अल्कोहोलच्या बोळ्याने हलकेच पुसावे आणि रुळांवर थोडे ग्रीस लावावे. लेझरचा जोर वाढवण्यासाठी त्याचा स्क्रू फिरवणे म्हणजे उरलेले आयुष्य उधळणे होय. ड्राइव्हची वीजकेबल एक्सबॉक्सचीच खास असल्याने संगणकाचा सामान्य ड्राइव्ह तिथे चालत नाही.

दिवा हिरवा आहे, आवाज येतो, पण चित्र नाही. एचडीएमआय लावले असेल तर?

दिवा हिरवा-नारिंगी चमकत असेल तर यंत्राला चित्राची केबल जोडलेली दिसत नाही. केबल नीट खोचावी आणि मागच्या सॉकेटच्या पिना पाहाव्यात. दिवा स्थिर हिरवा असेल तर आधी मांडणीचा संशय घ्यावा. यंत्र ७२०पी वर ठेवून मग साधी पिवळी केबल लावली, किंवा यंत्राचा प्रदेश-विभाग एनटीएससी (अमेरिकी चित्रपद्धती) केला आणि दूरचित्रवाणी संच फक्त पाल (युरोपीय चित्रपद्धती) ओळखणारा निघाला, तर पडदा काळा राहतो. युरोपीय यंत्रात ४८०पी किंवा ७२०पी हवे असेल तर प्रदेश-विभाग एनटीएससी करावाच लागतो, त्यामुळे हा गोंधळ वारंवार होतो.

आत बसवलेल्या एचडीएमआय बोर्डची लवचिक पट्टी चित्र पाठवणाऱ्या चिपच्या अतिशय बारीक पायांवर सोल्डर केलेली असते. एक पाय सुटला तर एखादा रंग बिघडतो किंवा चित्रात ठिपके येतात. दोन पाय चिकटले तर चित्रच जाते. ही पट्टी आवृत्तीनुसार वेगळी असते आणि तिच्यासाठी बायोसही त्या बदलाला साथ देणारा लागतो. यंत्र मूळ बायोसवरून सुरू झाले तर सोल्डर निर्दोष असूनही चित्र येणार नाही. म्हणून येथेही जुनी केबल लावून आधी यंत्र कोणत्या बायोसवर चालले आहे ते पाहावे, आणि नंतरच फ्लक्स व बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री हातात घ्यावी.

यंत्र तासाभराने बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालते.

धूळ काढावी, मागचा पंखा मोकळा फिरतो का पाहावे आणि प्रोसेसर व ग्राफिक्स चिपवरील वाळून दगड झालेली थर्मल पेस्ट बदलावी. १.० मधील ग्राफिक्सचा छोटा पंखा घरघरत असेल तर तो बदलावा. फेरफार केलेल्या मुख्य पडद्यावर तापमान दिसते. उन्हाळ्यात बंद खोलीत आकडे वर जाणारच, पण प्रोसेसर सतत ६५ अंशांच्या वर राहत असेल तर काहीतरी चुकले आहे. मोठ्या डिस्कची केबल पंख्यासमोर आडवी आली आहे का, हेही पाहावे. अनेकदा कारण एवढेच असते.

मेमरी १२८ मेगाबाइट केल्यापासून चित्रावर रेघा येतात.

१.० ते १.५ च्या बोर्डवर आणखी चार मेमरी चिपांसाठी रिकाम्या जागा आहेत, १.६ वर त्या नाहीत. रेघा, रंगीत चौकोन किंवा अधूनमधून लाल-हिरवा दिवा ही नव्या चिपचा एखादा पाय नीट न बसल्याची खूण असते. मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामने कोणत्या चिपमध्ये दोष आहे ते शोधून फक्त तिचेच पाय पुन्हा तापवावेत. शंभर पायांच्या चिपवर नवशिक्याने हात साफ करू नये.

कोणती साधने लागतील आणि ती कोठे मिळतील?

कवचाचे सहा स्क्रू टी-२० टॉर्क्सचे आहेत आणि ते तळाच्या रबरी पायांखाली व लेबलांखाली लपलेले असतात; आत टी-१० लागतो. त्याशिवाय मल्टिमीटर, तापमान नियंत्रित होणारी सोल्डरिंगची इस्त्री, फ्लक्स, सोल्डर शोषणारी जाळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भिंग एवढे पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा परिसरात हे सारे एका फेरीत मिळते. रबरी पट्टे, मॉडचिप आणि रूपांतरक मात्र बहुधा बाहेरून मागवावे लागतात.

यंत्र काही महिने वापरायचे नसेल तर काय काळजी घ्यावी?

घड्याळाचा कॅपॅसिटर काढलेला नसेल तर यंत्र ठेवूच नये, आधी तो काढावा. दोरी काढून, यंत्र कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. पावसाळा संपल्यावर ते उघडून बोर्डच्या पुढच्या भागावर आणि एलपीसीच्या पिनांवर हिरवट किंवा पांढरट थर आला आहे का ते पाहावे, आणि तसे दिसल्यास पुसून वाळवल्याशिवाय वीज जोडू नये.